मदत हवी आहे: दूरच्या सर्व्हरवर स्वतः बनवलेली लाइव्ह डिस्क फार हळू बूट होते

नमस्कार मंडळी,

आमचे भाड्याचे सर्व्हर जर्मनीत आहेत आणि मी पुण्यात. नवा सर्व्हर मिळाला की दरवेळी तेच पार्टिशन, तेच रेड-१ (दोन डिस्कवर एकच डेटा), तीच पॅकेजेस. हा वेळ वाचवायला डेबियन लिनक्सच्या लाइव्ह-बिल्ड या साधनाने आयएसओ (इन्स्टॉल न करता थेट चालू होणाऱ्या लाइव्ह डिस्कची फाइल) तयार केली. त्यात रेड बनवणारं एमडीएडीएम, डेबियनची मूळ सिस्टीम बसवणारं डीबूटस्ट्रॅप, आमच्या एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) पब्लिक की आणि सगळं बसवणारी शेल स्क्रिप्ट आहे. बूट झालं की एसएसएचने आत शिरायचं, स्क्रिप्ट चालवायची, रीबूट. लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हे झकास चालतं.

घोडं अडलंय खऱ्या सर्व्हरवर. बीएमसीच्या (सर्व्हर दुरून सांभाळणारी बोर्डावरची वेगळी चिप) व्हर्च्युअल मीडियातून, म्हणजे दुरून जोडलेली आभासी सीडी म्हणून, माझ्याकडची ८०० एमबीची आयएसओ जोडतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) सावकाश का होईना चढतो, पण पुढे स्क्वॉशएफएस (सगळी सिस्टीम दाबून ठेवलेली फाइल) वाचताना सगळं रखडतं. मध्येच ब्राउझरचं सेशन तुटलं की पडदाभर आय/ओ एरर, आणि पुन्हा पहिल्यापासून. टूरॅम हा बूट पर्याय दिला तर सगळं मेमरीत उतरतं आणि नंतर सेशन तुटलं तरी बिघडत नाही, पण त्या उतरवण्यातच अर्धा तास जातो. फायबर लाइन आहे, अपलोड उत्तम आहे, तरी ही गत.

शिवाय तिथे डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता देणारी सोय) नाही, आयपी हातानेच द्यावा लागतो. नेटवर्क आमच्या ताब्यात नसल्याने पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करवणारा) सर्व्हरही उभारता येत नाही. असं काम नेहमी करणाऱ्यांनी कृपया वाट दाखवावी, पुढच्या आठवड्यात आणखी सर्व्हर येत आहेत.

प्रतिसाद १

अपलोड वाढवून उपयोग नाही, वेळ खातंय ते अंतर. व्हर्च्युअल सीडी तुकड्या-तुकड्याने वाचली जाते. एका वेळी ६४ केबी मागितले आणि जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला सव्वाचारशे केबीच्या वर वेग जाणारच नाही. ८०० एमबीला तुमचा अर्धा तास तिथेच भरला.

व्हर्च्युअल मीडियातून फक्त आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) पाठवा. त्याची आयएसओ एक-दोन एमबीची असते. बांधतानाच त्यात स्क्रिप्ट घालता येते: मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) तपासा आणि त्यानुसार आयपी, नेटमास्क, गेटवे द्या. एकच आयएसओ सगळ्यांना पुरेल. मग कर्नल आणि इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टीम) तिथल्याच तुमच्या एखाद्या चालू सर्व्हरवरून एचटीटीपीने ओढा. कर्नलच्या ओळीत बूट=लाइव्ह, आयपी= आणि फेच= द्या. फेच स्क्वॉशएफएस आपणहून मेमरीत उतरवतो. फेचच्या पत्त्यात होस्टनेम लिहू नका, थेट आयपी लिहा. त्या टप्प्यावर डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सोय) चालत नाही आणि नेमकं कारण पडद्यावर सापडत नाही.

आणि स्क्रिप्टमध्ये एसडीए (लिनक्स पहिल्या सापडलेल्या डिस्कला देतो ते नाव) असं थेट लिहिलं असेल तर आजच बदला. काही बीएमसींचा व्हर्च्युअल यूएसबीच एसडीए होऊन बसतो. डिस्कचं बाय-आयडी (मॉडेल आणि सिरीयल नंबरवरून बनलेलं) नाव वापरा.

धागाकर्ता

मनापासून आभार, फेच माहीतच नव्हतं. एक शंका: स्क्वॉशएफएस साध्या एचटीटीपीवर उघडी ठेवणं कितपत बरं?

प्रतिसाद १

आत पासवर्ड किंवा प्रायव्हेट की अजिबात नको, पब्लिक कीच ठेवा. फायरवॉलमध्ये फक्त नव्या सर्व्हरचे आयपी उघडा आणि काम झालं की वेब सर्व्हर बंद करा. होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) दर बूटला नवी बनेल, म्हणून तिचा फिंगरप्रिंट (कीची छोटी खूण) कन्सोलवर छापायची सोय इमेजमध्येच करा आणि पहिल्यांदा आत शिरताना बीएमसीच्या पडद्यावर ताडून पाहा.