गच्चीवरच्या बाटल्या

सचिव: गच्चीत टाकीमागे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि थिनरचा वास येणारी फडकी सापडली आहेत. पालकांनी कृपया लक्ष द्यावे.

बी-३०२ काका: कॅमेऱ्यात बघा आणि नावं टाका ग्रुपवर. चारचौघांत लाज वाटली की आपोआप बंद होईल.

सी-१०४ काकू: खोकल्याचं औषध तर सगळ्यांच्याच घरी असतं हो. ते काय गर्द आहे का?

ए-२०१ डॉक्टर ताई: काकू, त्यातल्या काही औषधांत कोडीन असतं. ते अफूच्याच कुळातलं, शरीरात गेल्यावर त्यातल्या काहीचं मॉर्फिन होतं. अख्खी बाटली प्यायली की श्वास मंदावतो. वर दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर तीसुद्धा श्वासच दाबते. बरेच मृत्यू अशा मिश्रणाने होतात.

फडक्यांची मला जास्त भीती वाटते. थिनर, व्हाइटनर हुंगल्यावर हृदय इतकं नाजूक होतं की पहिल्याच वेळी ते थांबू शकतं. म्हणून काका, कोणी हुंगताना दिसलं तर ओरडू नका, मागे धावू नका. दचकून पळाला तर ठोके बिघडून तिथेच कोसळू शकतो. शांतपणे बोला, मोकळ्या हवेत बसवा.

ए-४०४: आमचा मुलगा म्हणतो गांजा नैसर्गिक असतो, त्याने काही होत नाही 🙏

ए-२०१ डॉक्टर ताई: अफूही नैसर्गिकच आहे. मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात रोज गांजा ओढला तर स्मरणशक्ती, लक्ष यांवर परिणाम होतो. काहींना भास होतात, संशय येतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असेल तर धोका आणखी वाढतो.

डी-२०३: ताई, नात्यातल्या एकाला झोपेच्या गोळ्यांची सवय लागली आहे. सगळ्या काढून घेऊ का?

ए-२०१ डॉक्टर ताई: नको! बरेच दिवस घेत असेल तर एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. अफूच्या वर्गातल्या औषधांची गोष्ट वेगळी. महिनाभर सोडून पुन्हा जुनाच डोस घेतला तर तोच जीव घेतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्यांच्या घरच्यांनी हे माहीत करून घ्यावंच.

बी-३०२ काका: पण कोणी नशेत घोरत पडलं असेल तर झोपून उतरेलच ना?

ए-२०१ डॉक्टर ताई: नाही काका. ती घरघर श्वास अडकल्याची असू शकते. हलवून उठत नाही, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की लगेच अॅम्ब्युलन्स. तोवर कुशीवर वळवा, उलटी करवू नका, एकटं सोडू नका. काय घेतलं ते खरं सांगा. अफूवर नॅलोक्झोन नावाचा उतारा आहे, पण वेळेत मिळाला पाहिजे. मित्र पळून जातात ते बोभाट्याच्या भीतीने, आणि आपण इथे नावं टाकायला निघालो आहोत.

बी-३०२ काका: नावं नकोत. मी मागणी मागे घेतो.

सचिव: ताईंचा शेवटचा मेसेज पिन केला आहे. कॅमेऱ्यात जे दिसेल ते फक्त त्या पालकांना, घरी जाऊन सांगू. ताई, तुम्ही सोबत याल का?

ए-२०१ डॉक्टर ताई: येते. आज आठनंतर.