"चालेल" म्हणणारी माणसं: गुणी की नुसतीच सोयीची?

कोरा_कागद
आमच्या टीममध्ये एक जण आठ वर्षं होता. त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. नव्या पोरांना काम शिकवणं, रजेवर गेलेल्याचं काम उचलणं, दोघांचं वाजलं की मध्ये पडणं, सगळं याच्याकडे. काहीही विचारा, उत्तर एकच, "चालेल". गेल्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. साहेब म्हणाले, "अरे, त्रास होता तर बोलायचंस." तो म्हणाला, "बोललो होतो की. दोनदा."
नंतर मला त्यातली एक वेळ आठवली. लागोपाठ तिसऱ्यांदा रात्रपाळी त्याच्या माथी मारली, तेव्हा तो दोन सेकंद थांबला. हातातल्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि म्हणाला, "चालेल... बघतो." ते त्याचं बोलणं होतं. आम्हाला ते ऐकूच आलं नाही.
कंपन्यांत डिस्क नावाची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतात. तिच्या चार प्रकारांतला 'एस', म्हणजे स्टेडीनेस, तो हाच. संथ, भरवशाचा, सगळ्यांना सांभाळून घेणारा, अचानक बदल आणि भांडण दोन्ही नको असणारा. माझं मत सरळ आहे: अशा माणसाला ओळखणं हे बाकीच्यांचं काम आहे.

तिरपा_डोळा
साफ असहमत. पेनाचं टोपण काढणं हा संवाद झाला? साहेबांना काय अंतर्ज्ञान असायला हवं होतं?
माझा नवरा याच पठडीतला. घर बदलायचं होतं तेव्हा तीन घरं पाहिली. कुठलं घ्यायचं विचारलं की, "तुला आवडेल ते." घेतलं एक. दोन वर्षांनी भलत्याच विषयावर भांडताना स्वारी म्हणते, "मला हे घर पहिल्यापासून अंधारं वाटत होतं." म्हणजे निवडायचा ताप माझा, चुकल्याचं खापर माझ्यावर, आणि समजूतदार म्हणून नाव मात्र त्याचं! यांच्या शांतपणाची किंमत शेजारचा माणूस मोजत असतो.

जुना_पत्ता
'एस' वरून थोडं अवांतर. ही मांडणी विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची, 1928 च्या पुस्तकातली. (वंडर वुमन ही कॉमिकमधली नायिकाही याचीच, 1941 ची.) त्याच्याकडे 'एस' म्हणजे स्टेडीनेस नव्हतंच, सबमिशन होतं. नमतं घेणं. त्याच्या लेखी ते खुशीने, समोरच्यावर विश्वास टाकून घेतलेलं नमतं. चाचण्या त्याने काढल्या नाहीत, त्या पुढच्यांनी बनवल्या आणि शब्दही गुळगुळीत करून घेतला. 'स्थिर' म्हटलं की बरं वाटतं. 'नमतं घेणारा' म्हटलं असतं तर आठ वर्षांत कुणीतरी विचारलं असतं, बाबा, खुशीने घेतोयस ना?
आणि असल्या वर्णनांवर फार विसंबू नका. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि 'हा तुझा निकाल' म्हणून सगळ्यांना एकच छापील वर्णन दिलं. ते किती जुळतं याला त्यांनी 5 पैकी सरासरी चाराच्या वर गुण दिले. त्यात एक वाक्य या अर्थाचं होतं की, तुम्ही बाहेरून स्वतःला ताब्यात ठेवता, पण आतून काळजी करत असता. आता सांगा, हे कुणाला लागू नाही?

कोरा_कागद
चाचणी सोडा हो, माणूस तर खरा होता ना?

रकाना_रिकामा
मी टीम चालवतो, म्हणून दुसरी बाजू. अशी माणसं बढतीत मागे पडतात, कारण 'यांच्यामुळे चार भांडणं झालीच नाहीत' हे लिहायला अप्रेझलच्या फॉर्ममध्ये जागाच नसते. जे घडलं नाही त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? बोलणारा मात्र आग लावून स्वतःच विझवतो आणि शाबासकी घेतो. एका अमेरिकी अभ्यासात (2012) जुळवून घेणाऱ्यांचं उत्पन्न कमी आढळलं होतं, आणि ही तफावत पुरुषांत जास्त होती. तेव्हा तिरपा_डोळा, किंमत फक्त शेजारचाच मोजतो असं नाही.

उंबरठा
मी त्याच गोत्रातली, म्हणून आतली बातमी देते. 'चालेल' तीन प्रकारचं असतं. झटकन आलं तर खरंच चालेल. "चालेल ना" म्हणजे तुमच्यासाठी चालवून घेते. आणि "चालेल... बघते" म्हणजे नाही.
मीटिंगमध्ये दहा जणांसमोर "तुला काय वाटतं?" विचारलं की माझं डोकं कोरं होतं. तोच प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवा, पानभर उत्तर देईन. "चालेल का?" असंही विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "यातलं काय नको?" असं विचारा.
पण तिरपा_डोळा यांचं घराचं उदाहरण झोंबलं. मीही हे केलंय. त्याला मी चांगुलपणा समजत होते, त्यात निम्मी तरी भीतीच होती.

तिरपा_डोळा
प्रामाणिकपणाला दाद! पण हा 'चालेल'चा तक्ता आता भिंतीवर लावायचा का?

दुसरी_घंटा
शांत आणि गप्प यांची गल्लत होतेय. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना भांडताना यंत्रं लावून तपासलं. भिंतीसारखा गप्प बसलेला जोडीदार आतून बहुधा खवळलेला असतो, नाडी मिनिटाला 100 च्या वर. अशा वेळी "बोल ना, बोल ना" करून उपयोग नाही, गॉटमन निदान वीस मिनिटं थांबायला सांगतात. खरा शांत माणूस भांडणातही प्रश्न विचारतो. गप्प बसलेला फक्त ते संपायची वाट बघतो. कोरा_कागद, तुमचा सहकारी यातला कुठला होता?

कोरा_कागद
पहिली सात वर्षं शांत. शेवटचं वर्ष गप्प, असं आता वाटतं. तो 'दोनदा' म्हणाला होता. दुसरी वेळ कुठली ते अजून आठवत नाहीये.

तिरपा_डोळा
आत्ताच नवऱ्याला उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणतो, "तिसरं चुकलंय. बघतो म्हणजे नाही नव्हे. बघतो म्हणजे उद्या परत विचार."
अकरा वर्षांनी हे कळतंय मला!

उंबरठा
त्या घराच्या वेळी तो "बघतो" म्हणाला होता का?

तिरपा_डोळा
...म्हणाला होता.