मदत हवी आहे: इंग्रजी शिकवायला हनोई की दा नांग? सोबत बालदमा असलेली मुलगी

नमस्कार मंडळी,

व्हिएतनाममध्ये राहिलेलं, त्यातही तिथे शिकवलेलं कुणी असेल तर कृपया वेळ काढून लिहा. लवकरच होकार कळवायचा आहे आणि घरात रोज हाच विषय चालू आहे.

मी नाशिकची. एमए इंग्रजी, बीएड, बरीच वर्षं आठवी ते दहावीला शिकवलं, गेल्या वर्षी सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रमही केला. दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. हनोईत एक खासगी द्विभाषिक शाळा आहे: सकाळी साडेसात ते चार, महिना ३.५ कोटी डोंग, म्हणजे आपले साधारण १ लाख २० हजार. दा नांगमध्ये भाषा केंद्र आहे: २.६ कोटी डोंग, पण वेळ संध्याकाळी पाच ते नऊ आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस. मुलं शाळा सुटल्यावरच केंद्रात येतात, तेव्हा तास असेच असणार हे मला कळतं.

नुसता पगार बघायचा असता तर विचारलंच नसतं. मुलगी सात वर्षांची आहे, तिला बालदमा आहे. नाशिकच्या थंडीतसुद्धा रात्री छाती घरघरते, उठून पंप द्यावा लागतो. हनोईच्या हिवाळ्यातल्या हवेबद्दल वाचून धास्तीच घेतली आहे. दा नांगला समुद्र, मोकळी हवा. पण तिथे संध्याकाळी मी कामावर असताना ती कुणापाशी राहणार? नवऱ्याला पहिलं वर्ष तरी नाशिक सोडता येणार नाही. ती दिवसभर शाळेत, मी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी वर्गात. एवढ्या लांब तिला घेऊन जायचं आणि तिच्या वाट्याला आई यायचीच नाही, हे मनाला पटत नाही.

शिवाय पासपोर्ट भारतीय. जाहिरातींत सर्रास ‘नेटिव्ह स्पीकर’ लिहिलेलं असतं. पहिली नोकरी जमली नाही तर हनोईत दुसरी शोधता येईल, दा नांगमध्ये पर्याय कमी. म्हणून विचारते: हनोईत दम्याचं मूल घेऊन कुणी राहिलंय का? आणि दा नांगमध्ये दिवसाचे तास मिळतात का?

प्रतिसाद १

ताई, मी हनोईत शिकवत होतो, ताय हो या मोठ्या तळ्याच्या काठच्या भागात राहायचो. शहर मनापासून आवडलं, तरी तुमच्या मुलीसाठी मला ते नको वाटतं.

साधारण नोव्हेंबर ते मार्च हवा वाईट. वारा पडतो, थंड हवेचा थर खाली बसतो आणि लाखो दुचाकींचा धूर, बांधकामांची धूळ, शहराबाहेर जाळलेला भाताचा पेंढा असं सगळं त्यात अडकून राहतं. काही दिवस तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. हे तुम्ही वाचलंच असेल. पण दम्याच्या मुलाला फेब्रुवारी-मार्चमधली ओल जास्त छळते, आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. बारीक झिमझिम लागते, भिंतींना आणि फरशीला अक्षरशः घाम फुटतो. सकाळी जिन्यावरून पाय घसरतो, टॉवेल चार दिवस वाळत नाही. माझ्या कपाटातल्या चामड्याच्या बुटांवर हिरवट बुरशी आली होती, पलंगामागच्या भिंतीवरही. बहुतेक घरांत हीटर नसतो, तापमान १०-१२ अंशांवर आलं की लोक घरातही जाकीट घालून बसतात.

हनोईच ठरलं तर हवा शुद्ध करणारं आणि ओल शोषणारं अशी दोन्ही यंत्रं पहिल्याच पगारात घ्या. तळमजल्याचं घर घेऊ नका, भाडं कितीही कमी असलं तरी.

प्रतिसाद २

कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण खरी अडचण तिथेच होते.

वर्क परमिट त्या नोकरीपुरतंच असतं. मालक बदलला की प्रक्रिया पुन्हा करावी लागते. ‘नाही जमलं तर दुसरी शोधू’ हे हनोईतही वाटतं तितकं सोपं नाही. पदवी आणि पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) या दोन्हींचं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन, मग व्हिएतनामच्या दूतावासाचा शिक्का हे इथूनच करून जा. मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे. व्हिएतनामला गेल्यावर इथले कागद करून घेणं फार जड जातं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना जादा पात्रता दाखवावी लागते, पण तुमचं एमए, बीएड आणि सेल्टा ही बाजू भक्कम आहे, उगाच कमीपणा घेऊ नका.

कुणी ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, परमिट नंतर बघू’ म्हणालं तर सरळ नकार द्या. मुलगी बरोबर असताना हा धोका अजिबात पत्करू नका. तुमच्या परमिटवर तिला अवलंबिताचं निवासकार्ड मिळतं, ते कोण करून देणार हे करारात लिहून घ्या. आणखी एक: पोचल्यापासूनच्या बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर पगारावर सरसकट २० टक्के कर लागतो, हे लक्षात ठेवा.

प्रतिसाद ३

मी दा नांगला असते. हवेचं म्हणाल तर हनोईशी तुलनाच नको. सकाळी ‘मी खे’ नावाच्या किनाऱ्यावर आजी-आजोबा पाच वाजता पोहायला उतरलेले असतात. फक्त सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस आणि वादळं. ऑक्टोबर २०२२ मध्ये शहरात घराघरांत पाणी शिरलं, २०२५ च्या ऑक्टोबरअखेर शेजारचं होई आन बुडालं. घर घेताना शेजाऱ्यांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, भिंतीवर खूण दाखवतात.

दिवसाचे तास मिळतात. इथली बरीच केंद्रं सरकारी शाळांना आणि बालवाड्यांना शिक्षक पुरवतात, ते काम सकाळ-दुपारचं असतं. एका वर्गात चाळीसच्या वर मुलं असतात, पण आपल्याकडे शिकवलेल्याला त्याचं काय विशेष! २०२४ पासून शाळांत इंग्रजी हळूहळू दुसरी भाषा करायचं सरकारी धोरण आहे, त्यामुळे ही मागणी राहील. केंद्राला स्पष्ट विचारा.

स्कूटर मात्र लगेच चालवू नका. आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं आणि व्हिएतनाम १९६८ चं मानतं, म्हणून ते इथे चालत नाही. अपघात झाला तर विमाही हात वर करतो. निवासकार्ड आलं की भारतीय लायसन्स बदलून घेता येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ओलीचं वाचून हनोईचा विचार जवळजवळ सोडला आहे. इथल्या डॉक्टरांनी बुरशीपासून जपायला आधीच बजावलं होतं.

दा नांगच्या केंद्राला आज लिहिलं: आठवड्यातले निम्मे तास सरकारी शाळांत द्या, रविवार मोकळा ठेवा, पगार थोडा कमी चालेल, आणि हे सगळं करारात हवं. लेखी आलं तर होकार कळवेन. नुसतं तोंडी ‘बघू’ म्हणाले तर या वर्षी जाणार नाही.

प्रतिसाद ३ वाल्या ताई, दोन गोष्टी सांगाल का? मुलांच्या छातीचे डॉक्टर, थोडंफार इंग्रजी बोलणारे, दा नांगमध्ये कुठे भेटतील? आणि तिचा रोजचा पंप तिथल्या औषधांच्या दुकानात मिळतो की सहा महिन्यांचा साठा चिठ्ठीसकट इथून आणू?