रिव्हॉल्व्हर आणि दागिने एकाच लॉकरमध्ये ठेवावेत का? (ग्वाल्हेर, जुनं दगडी घर)

दौलतगंजकर
नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात जुनं घर आहे. भिंती दोन फुटी, दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. खाली कोटा फरशी. घरात परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे (लायसन्स ह्यांच्या नावावर), काडतुसं आहेत. शिवाय सासूबाईंचा तन्मणी, मोत्याची नथ, पाटल्या, चांदीची पूजेची भांडी आणि घराचे कागद. सध्या सगळं लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात आहे. सुट्टीत ६ आणि ९ वर्षांची नातवंडं येतात, म्हणून आता नीट सोय करायची आहे. एकच मोठा डिजिटल लॉकर घ्यावा असं घरात ठरतंय. किल्लीचा घ्यावा की आकड्यांचा? पत्रा किती जाड हवा? आणि दगडी भिंतीत तो पक्का बसेल का?

कुलूपघर
ताई, एक मोठा नको, दोन लहान घ्या. दागिन्यांचा लॉकर सणावाराला, लग्नकार्याला उघडतो. त्याचा आकडा तुम्हाला, सुनेला माहीत असणारच, आणि असायलाच हवा. रिव्हॉल्व्हरचा आकडा मात्र ज्यांच्या नावावर परवाना आहे त्यांच्याशिवाय कोणालाही माहीत नसावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. एका दारामागे या दोन्ही गोष्टी सांभाळता येत नाहीत. आज ना उद्या कोणीतरी नथ काढायला म्हणून तो लॉकर उघडणार आणि शस्त्र समोर असणार. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा शस्त्राची पेटी मोठी लागतच नाही.

लोखंडी कपाटाचा पत्रा १ मिमीच्याही आतला असतो. आतला कप्पा मोठ्या पेचकसाने वाकतो. लॉकर घेताना दुकानदार ‘६ एमएम’ म्हणाला की ते दाराचं माप समजा. बॉडी किती ते वेगळं विचारा. दार ६ आणि बॉडी किमान ३ मिमी हवी. खात्री करायची तर लॉकर उलटा करून तळाच्या बोल्टच्या भोकात बघा, तिथे पत्र्याची कापलेली कड उघडी दिसते. तिथेच पट्टी लावा. दाराच्या कडेला दिसणारे जाडजूड दांडे बघून भुलू नका. ते ज्या पट्टीवर बसवलेत ती पातळ असली तर दांडे २० मिमीचे असूनही पहारीपुढे टिकत नाहीत. तिजोरीसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. त्याची आयएसआय खूण असलेली तिजोरी बजेटमध्ये बसली तर उत्तमच, पण ती जड असते, जिन्यावरून चढवायचा विचार आधी करा.

कुलूप आकड्यांचं चालेल, पण मोटरवालं घ्या. स्वस्त लॉकरमध्ये सोलेनॉइड असतो, म्हणजे स्प्रिंगवर टेकलेली बारीकशी खिळी. धक्का बसला की ती क्षणभर जागची हलू शकते, आणि तेवढ्यात मूठ फिरते. दुकानात आकडा दाबून कान लावा: नुसतं ‘खट्’ वाजलं आणि थोड्या वेळाने पुन्हा ‘खट्’ वाजलं तर सोलेनॉइड, ‘घुर्र’ असा आवाज आला तर मोटर. कारखान्यातून आलेला आकडा त्याच दिवशी बदला. सेल अल्कलाइनच घाला, साधे सेल पाझरतात आणि पट्ट्या गंजतात. संकटकाळची किल्ली त्याच कपाटात लटकवू नका. ती बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ दे. (शस्त्र आणि काडतुसं मात्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येत नाहीत.)

शस्त्राच्या पेटीला बोटाच्या ठशाचं कुलूप घेतलंत तर उघडणं झटपट होतं.

गिट्टी_रेती
बसवण्याबद्दल सांगतो, कारण चांगले लॉकर इथेच वाया जातात. न बांधलेला ४० किलोचा लॉकर दोन माणसं उचलून नेतात आणि निवांत दुसरीकडे कापतात.

चुन्याच्या भिंतीत ठोकायचा अँकर फास्टनर वापरू नका. तो फुगून धरतो. चुना भुगा होऊन सुटतो, आणि दगडाच्या कडेशी मारलात तर आपला ग्वाल्हेरचा वालुकाश्म चिरतो. भिंतीतच बसवायचा असेल तर केमिकल अँकर, म्हणजे रेझिनने चिकटवलेली आट्यांची सळई (स्टड): दगडाच्या मध्यावर (सांध्यात नाही) १२ मिमीचं भोक, खोली ९० ते १०० मिमी, त्यात १० मिमीचा स्टड. भोक फुंकणीने फुंका, ब्रशने घासा, पुन्हा फुंका. धूळ राहिली तर रेझिन धुळीला चिकटतं, दगडाला नाही, आणि स्टड हाताने निघून येतो. दोन फुटी भिंतीच्या पोटात बहुधा डबर भरलेला असतो, पोकळी लागली तर रेझिन आत वाहून जातं. तिथे जाळीची नळी घालावी लागते. मे महिन्यात हे काम सकाळीच उरकायचं, उन्हाच्या तापाने रेझिन मिनिटांत घट्ट होतं.

माझं मत विचाराल तर भिंत सोडा, जमीन धरा. पण नुसत्या कोट्यातही बोल्ट मारू नका. तळमजल्यावर कोट्याखाली अनेकदा मसाल्याचा थर आणि भराव एवढंच असतं. २ बाय २ फूट फरशी कापून काढा, ६ इंच खणा, तळाला जाड प्लास्टिक अंथरा म्हणजे ओल वर येणार नाही. मग १ : १॥ : ३ चं काँक्रीट: सिमेंट जेमतेम अर्धी गोणी, सिंध नदीची रेती पाऊण-एक घनफूट, २० मिमी गिट्टी पावणेदोन घनफूट. त्यात १२ मिमीचे ४ फाउंडेशन बोल्ट. लॉकरच्या तळाची भोकं आधी प्लायवर उतरवून घ्या आणि बोल्ट त्या प्लायमधून उभे धरून काँक्रीट ओता. मिस्त्री अंदाजाने बोल्ट रोवतो, ते अर्धा इंच सरकतात आणि मग लॉकर बसतच नाही. ७ दिवस पाणी मारा. हा ठोकळा एकटाच १३५ किलोच्या आसपास भरतो. नट आतून, खाली रुंद वॉशर घालून आवळा.

जागा कोपऱ्यातली निवडा, आणि दाराची उघडणारी कड भिंतीकडे येऊ द्या. पहार त्याच कडेला घालतात, तिथे हात मागे घ्यायला जागाच मिळाली नाही पाहिजे. ताजं काँक्रीट कित्येक आठवडे ओल सोडतं, तेव्हा महिनाभर तरी शस्त्र आत ठेवू नका.

बत्तीस_बोअर
ठशाच्या कुलपाबद्दल मी सहमत नाही. साठीनंतर बोटांच्या रेषा झिजतात, हात ओला किंवा पिठाचा असला तरी सेन्सर ओळखत नाही, आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ वेगळीच. घ्यायचाच तर एकच बोट ३ वेळा नोंदवा आणि आकड्याची सोय असलेलाच घ्या.

ताई, पेटीत ठेवताना क्रम असा: नळी भिंतीकडे, बोट ट्रिगरबाहेर, सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) बाजूला निघणारं असेल तर ते बाजूला काढा, नळीचं तोंड वर करून इजेक्टर (काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी) दाबा, आणि सिलिंडरमधली काडतुसांची सगळी घरं एकेक करून डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. मग सिलिंडर उघडाच ठेवून त्याच्या रिकाम्या चौकटीतून केबल लॉक ओवा. सिलिंडर मिटणारच नाही, म्हणजे शस्त्र चालणारच नाही. भरलेल्या शस्त्राला ट्रिगर लॉक लावणं धोक्याचं आहे, कुलपाची दांडी ट्रिगरलाच दाबू शकते. (कोणाकडे पिस्तूल असेल तर मॅगझिन आधी काढायचं, स्लाइड नंतर ओढायची. उलट केलं तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते, आणि माणूस समजतो की रिकामं झालं.) काडतुसं वेगळ्या कुलपात, त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलीत तर पितळेवर हिरवट चिकटा चढतो. रिव्हॉल्व्हरही चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात बरोबर तेवढ्याच भागावर गंजाचे ठिपके उठतात. गन ऑइलचा पातळ हात द्या. खोबरेल किंवा सरसूचं तेल घट्ट होऊन यंत्र अडकवतं.

पेटीत १०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं. श्रावणात दर पंधरा दिवसांनी बघा, रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. आणि आता तुमच्या तन्मणीचं. हेच सिलिका जेल मोत्यांना मारक आहे. मोत्यात थोडं पाणी असतं, फार कोरड्या जागी तो निस्तेज होतो, तडकतोही. नथ आणि तन्मणी मऊ सुती कापडात, वेगळ्या डबीत, जेलपासून लांब. नळी साफ करायच्या द्रवात बऱ्याचदा अमोनिया असतो, तो तर मोत्यांच्या आसपासही नको. दोन पेट्या वेगळ्या असाव्यात याला माझ्या लेखी हे कारणही पुरेसं आहे. चांदीजवळ रबरबँड आणि वर्तमानपत्र ठेवू नका, काळी पडते.

दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की त्याच दिवशी दोन्ही लॉकरचे सेल बदला. पूजेला शस्त्र रिकामंच मांडा, आणि हळदकुंकू, पाणी, झेंडूचा रस लगेच पुसून तेलाचा हात द्या. रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी डाग दिसतो.

दौलतगंजकर
दोन पेट्या नक्की. जमिनीतलं काम पावसाळ्याआधी करून घेते. कागदांसाठी ‘फायरप्रूफ’ म्हणून विकतात ते घ्यावं का? रिव्हॉल्व्हरही त्यातच राहील का?

कुलूपघर
कागदांना घ्या, शस्त्राला नको. त्या भिंतींत भरलेल्या मसाल्यात पाणी बांधलेलं असतं, आगीत त्याची वाफ होऊन आतलं तापमान रोखलं जातं. एरवी तीच ओल पेटीत जाणवते आणि पोलाद गंजतं. शिवाय नुसत्या आगीच्या पेट्यांचा बाहेरचा पत्रा पातळ असतो, चोरापुढे त्यांचा भरवसा नाही. पाटीवर किती मिनिटं आणि कशासाठी ते वाचा: यूएल ७२ या अमेरिकी मानकात कागदासाठी आतली मर्यादा १७७ अंश सेल्सिअस आहे, पेन ड्राइव्हसारख्या वस्तूंसाठी ५२. कागदाच्या पेटीत फोटोंचा पेन ड्राइव्ह ठेवलात तर तो वाचणार नाही.

आणि एक राहिलं. लायसन्सची प्रत, रिव्हॉल्व्हरचा नंबर, दागिन्यांची वजनं, फोटो आणि नव्या दागिन्यांवरचा ६ अक्षरी-आकडी एचयूआयडी (हॉलमार्कचा क्रमांक) हे सगळं या घराबाहेर, बँकेत किंवा मुलाकडे असू द्या. शस्त्र गेलं तर ठाण्यात लगेच कळवावं लागतं आणि तिथे पहिला प्रश्न नंबरचाच येतो. आचारसंहितेत शस्त्र जमा केलंत की त्याची पावतीही याच कागदांबरोबर ठेवा. लांबच्या प्रवासाला दोघंही निघत असाल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर पावती घेऊन ठेवता येतं, रिकाम्या घरात ठेवण्यापेक्षा ते बरं.