गुलाबी बोंडअळी : कोणत्या माहितीवर विसंबावे?

प्रश्न (राळेगाव): महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी वाचलेल्या एका लेखात बीटी कपाशीला (जिवाणूचे अळीनाशक जनुक घातलेल्या कपाशीला) गुलाबी बोंडअळी लागत नाही, असे ठामपणे म्हटले आहे, आमच्या शिवारात मात्र दिवाळीनंतरची बोंडे किडकी निघतात. कोणते खरे मानावे?

उत्तर (अकोला): लेख कधीचा आहे, ते आधी पाहावे. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये आणि दोन जनुकांच्या बीटीला २००६ मध्ये परवानगी मिळाली. त्या सुमारास लिहिलेले विधान तेव्हा बरोबर असू शकेल, परंतु पुढे अळीत प्रतिकारक्षमता निर्माण झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात मोठे नुकसान झाले, त्यामुळे ते आज ग्राह्य धरता येणार नाही.

उत्तर (हिंगणघाट): भाऊ, लिहिणारा काय विकतो, हेही तपासावे, कृषी केंद्रातले रंगीत पत्रक शेवटी जाहिरातच असते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या शिफारशी पडताळता येतात : कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळल्यास उपाय करावा, हा निकष आपल्याच शेतात मोजून पाहता येतो.

प्रश्नकर्ता: लेखावर तारीखही नाही, लेखकाचे नावही नाही.

उत्तर (अकोला): मग तो पुरावा म्हणून देऊ नये. प्रचलित गैरसमजाचा नमुना म्हणून मात्र अवश्य द्यावा.