पिकअपचं अ‍ॅव्हरेज वाढवायला नेमकं काय बसवावं? (सोलापूर–पुणे, टॉवेलचं भाडं)

अक्कलकोट_रोड:
नमस्कार मंडळी. माझी २०१८ ची बीएस-४ पिकअप आहे, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-नॅपकिनचे गठ्ठे पुण्याला जातात. येताना रिटर्न भाडं मिळालं तर ठीक, नाहीतर गाडी रिकामीच येते. पूर्वी भरून १२ च्या आसपास अ‍ॅव्हरेज पडायचं, आता १० च्या वर जाईना. भाड्याचा दर वाढत नाही, त्यामुळे महिन्याचा मेळ बसत नाही.

एका दुकानात पॅकेज सांगितलं: रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), फ्री-फ्लो (जास्त हवा आत सोडणारा) एअर फिल्टर, ईजीआर (थोडा जळका धूर परत इंजिनात घेणारा व्हॉल्व) बंद, वर स्पीड गव्हर्नरही (वेगाला मर्यादा घालणारं यंत्र) काढून देतो म्हणाले. सगळं मिळून ३५ हजार. हप्ता चालू असताना एवढे पैसे घालायचे, तर आधी जाणकारांना विचारावं म्हटलं. यातलं खरंच काय उपयोगाचं? आणि दुसरं काही बसवण्यासारखं आहे का? धूर थोडा काळा येतो, बाकी गाडी ठीक चालते.

माळशिरस_४५:
दादा, रीमॅप बिनधास्त करा. मी केलाय. तुळजापूरच्या घाटात पूर्वी दुसरा टाकावा लागायचा, आता गाडी तिसऱ्यावर चढते. अ‍ॅव्हरेजही दोनने वाढलंय.

होटगी_नाका:
माळशिरस दादा, हे दोन कसं मोजलं? समोरच्या डिस्प्लेवर बघून की टाकी भरून? रीमॅपमध्ये डिझेल सोडण्याचा हिशोबच बदललेला असतो आणि डिस्प्ले त्याच हिशोबावरून अ‍ॅव्हरेज काढतो. तो आकडा धरून चालत नाही.

अक्कलकोट दादा, काही बसवायच्या आधी नीट मोजून घ्या. एकच पंप, एकच नोझल, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं, त्यावर डिझेल कोंबायचं नाही. परत तिथेच येऊन तसंच भरायचं. भरलेल्या आणि रिकाम्या फेऱ्यांची नोंद वेगळी ठेवा, नाहीतर सगळी सरमिसळ होईल.

आणि एक सांगा, मधल्या काळात टायर बदललेत का? २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकले की चाकाचा घेर चार टक्क्यांहून जास्त वाढतो. गाडी १०० किलोमीटर गेली तर मीटरवर ९६ च पडतात. डिझेल तेवढंच जळतं, पण कागदावर अ‍ॅव्हरेज पडलेलं दिसतं.

अक्कलकोट_रोड:
टायर कंपनीच्या साइजचेच आहेत. डिस्प्ले मी बघतच नाही, टाकीवरूनच सांगतोय.

नोझल_मेस्त्री:
अण्णा, पैसे घालायच्या आधी हे पूर्ण वाचा. पंप-नोझलच्या कामात माझं आयुष्य गेलंय, आणि हे पॅकेज घेऊन नंतर इंजिन खोलायला आलेल्या गाड्या बघून जीव तुटतो.

गाडी १२ देत होती आणि आता १० देते, याचा अर्थ तिचं काहीतरी बिघडलंय. आधी तो बिघाड शोधा. वरून काही बसवून तो झाकला जातो, जात नाही.

पहिला प्रश्न, टेम्परेचरचा काटा कुठे असतो? आपल्याकडे सर्रास होणारी गोष्ट सांगतो. रेडिएटरमध्ये लोक बोअरचं पाणी ओततात. सोलापूरचं बोअरचं पाणी जड, त्याने आत क्षार धरतो. मग मे महिन्यात गाडी गरम होते, आणि गॅरेजवाला थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकतो. गाडी गरम व्हायची थांबते, मालक खूश. पण थर्मोस्टॅटचं काम इंजिन ८०-९० अंशांवर धरून ठेवायचं असतं. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कोमटच राहतं. रात्रीचा माल घेऊन थंडीत मोहोळ-टेंभुर्णी करत निघालात तर काटा मधोमध येतच नाही. सेन्सर इंजिन थंड असल्याचं सांगतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या हिशोबाने डिझेल जास्त सोडतो. थंड सिलिंडरमध्ये ते पूर्ण जळत नाही, काही ऑइलमध्ये उतरतं. डिझेलही गेलं आणि ऑइलही पातळ झालं. नवीन थर्मोस्टॅट घरी नेऊन उकळत्या पाण्यात टाकून बघता येतो, उघडला पाहिजे. पॅकेजच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे.

दुसरं, काळा धूर. टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा थंड करणारी जाळी) रबरी पाइप तपासा. क्लिपजवळ तेलकट डाग दिसला की तिथून हवा निसटते असं समजा. हवा कमी पडली की धूर आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही बिघडतं. पाइप ठीक असतील तर नोझलची रिटर्न टेस्ट करा. चारही नोझलचं परत येणारं डिझेल बाटल्यांत धरायचं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर ते नोझल गेलं. नवीन नोझल बसवलं की त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरून घ्या. इथे बरेच जण हे करतच नाहीत.

तिसरं, ब्रेक. मागची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा. धरून फिरत असतील तर तुम्ही पुण्यापर्यंत ब्रेक दाबून जाताय.

आता पॅकेजचं बघू. फ्री-फ्लो फिल्टरने डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढतं हे मला पटत नाही. टर्बो डिझेलला एकसारख्या वेगात गरजेपेक्षा जास्तच हवा मिळत असते, आणखी दिली म्हणून डिझेल कमी जळत नाही. तोटा मात्र नक्की. आपल्या रस्त्यांच्या आणि उसाच्या हंगामातल्या धुळीत मोकळ्या जाळीतून बारीक माती आत जाते आणि टर्बोची पाती खाते. तेल लावलेला फिल्टर असेल तर त्याचं तेल हवेच्या सेन्सरवर बसतं. कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला, एवढं पुरे.

रीमॅप सगळा खोटा नाही. टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे डिझेल थोडं आधी सोडलं, की थोडा फरक पडू शकतो. पण ताकद वाढली की ड्रायव्हर ती वापरतो, मग वाचलेलं डिझेल तिथेच जातं. शिवाय क्लच, टर्बो आणि हेड गॅस्केटवर ताण येतो तो वेगळाच. इंजेक्टरच्या वायरीत जोडायची डबी, डिझेलच्या पाइपला बांधायचं चुंबक, ओबीडीत (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये) खोचायचा प्लग, यांकडे तर फिरकूच नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असली शंभरावर उपकरणं तपासली. फारच थोड्यांत काही फरक सापडला, तोही नाममात्र.

होटगी_नाका:
मेस्त्रींना पूर्ण पाठिंबा. फक्त हवेचं राहिलं. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवायची पद्धत आहे, ती सोडा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटायची भीती उलट वाढते. दारावरच्या स्टिकरवर रिकामं आणि भरलेलं असे दोन आकडे असतील तर मागच्या टायरला भरलेलाच आकडा धरा. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा.

बॉडीवाला_कुर्डुवाडी:
मेस्त्री इंजिनाचं बोलले, मी वाऱ्याचं बोलतो, कारण टॉवेलच्या भाड्यात वाराच डिझेल खातो. कांद्याची गाडी वजनाने मरते, टॉवेलची गाडी उंचीने. गठ्ठे केबिनच्या वर तीन-चार फूट जातात. हायवेवर त्या सपाट तोंडावर वारा आदळतो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ६५ च्या जागी ८० ने गेलात तर दीडपट. पुणे २५० किलोमीटर धरलं तरी फरक फार तर पाऊण तासाचा.

एक वस्तू बसवायचीच असेल तर केबिनवर हवा वळवणारा डिफ्लेक्टर बसवा. तुमच्या भाड्याला तो खरंच लागू पडतो. पण उंचीला नीट जमला पाहिजे. त्यावरून उडालेला वारा मालाच्या वरच्या कडेला लागून मागे जायला हवा. बुटका असला तर वारा गठ्ठ्यांवरच आदळतो. मालापेक्षा उंच असला तर तोच वारा अडवतो. तुमची गाडी रिकामीही येते, म्हणून घडीचा घ्या, येताना खाली पाडता येतो. कांदा-डाळिंबवाल्यांनी यावर पैसे घालू नयेत, त्यांचा माल केबिनच्या खालीच असतो.

ताडपत्री मात्र सगळ्यांसाठी. सैल ताडपत्री फुगली की गाडीला मागे ओढते. समोरची कड पुढच्या फळ्याखाली दाबा, बाजूंना पट्ट्याचे रॅचेट वापरा. दोरीची गाठ इंदापूरपर्यंत सैल पडतेच. आणि माल रचताना पुढे उंच, मागे उतरता ठेवा.

माळशिरस_४५:
८० चं काय घेऊन बसलात, गव्हर्नर काढला की प्रश्नच नाही की ओ. वेळेत पोचलं की दुसरं भाडं मिळतं.

एमएच१३_पासिंग:
गव्हर्नरचं आणि ईजीआरचं जरा थांबा. पासिंगच्या कामात रोज असतो म्हणून सांगतो. २०१८ च्या मालवाहू गाडीला ८० चा गव्हर्नर नियमाने आहे. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फिटनेसला गव्हर्नर बघतात. आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी याच गोष्टीवर बोट ठेवेल. ईजीआर बंद केला की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, तो धूर आपल्याच गावातल्या पोरांच्या छातीत जातो. डिफ्लेक्टर बोल्टचाच लावा, आणि गाडीची उंची-रुंदी नियमाच्या बाहेर जाणार नाही हे आधी बघा.

दुधनी_बीएस६:
माझी बीएस-६ आहे. गावातल्या गावात किराणा टाकतो, अ‍ॅव्हरेज अचानक पडतं आणि मग आपोआप ठीक होतं. हे काय?

नोझल_मेस्त्री:
दुधनी, तो डीपीएफ आहे, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. छोट्या फेऱ्यांत ते अर्धवट राहतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं. अधूनमधून अक्कलकोट किंवा सोलापूरपर्यंत एकदमात, वरच्या आरपीएमला गाडी पळवा. डीपीएफची लाइट लागली असेल तर मध्येच चावी बंद करू नका. आणि ऑइल डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच घ्या. थर्मोस्टॅट तर तुम्ही काढूच नका, इंजिन पुरेसं गरम झाल्याशिवाय ही काजळी जाळणं सुरूच होत नाही.

अक्कलकोट_रोड:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाडी उभी करून तपासली. थर्मोस्टॅट जागेवर नाहीच. हौसिंग उघडलं तर आत मोकळं. मागच्या मालकाच्या वेळचं काम की मधल्या एखाद्या गॅरेजचं, देव जाणे. इंटरकूलरचा खालचा पाइपही चिरलेला निघाला. मागचं डावं चाक थोडं धरतंय. नोझल उद्या बघणार. पॅकेज रद्द केलं. हिशोब मांडला: महिन्याला ३००० किलोमीटर, १० ने ३०० लिटर आणि १२ ने २५० लिटर लागतं. लिटरला ९० धरले तरी महिन्याला ४५०० वाचतात. थर्मोस्टॅट आज बसवू का लगेच?

नोझल_मेस्त्री:
आज नको अण्णा, एवढं ऐका. कोणीतरी थर्मोस्टॅट काढला म्हणजे रेडिएटर तुंबलेला असणारच. तुंबलेल्या रेडिएटरवर व्हॉल्व बसवलात तर एप्रिलच्या दुपारी भिगवणच्या आसपास काटा लाल रेषेला जाईल आणि हेड जाईल. आधी रेडिएटर खोलून त्याचं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करा. आतल्या नळ्या कुजल्या असतील तर नवीनच टाका. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग तपासा. पंख्याचा क्लच गरम झाल्यावर पकडतो का बघा. मग थर्मोस्टॅट बसवा, कंपनीच्याच अंशांचा. त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. हवा पूर्ण निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी, इंजिन थंड असताना, लेव्हल बघा. वाटेत कमी पडलं तरी हॉटेलच्या नळाचं पाणी घालू नका, डिस्टिल्डचा एक कॅन सीटमागे ठेवा.