लाथेपेक्षा खाद्य सांभाळा
घोड्याची लाथ बसेल म्हणून मोकळ्या कोंबड्या तबेल्यात नकोत, असं म्हणतात. लाथ क्वचितच बसते. कोंबड्या भलत्या चपळ. खरा धोका त्यांच्या खाद्याच्या पोत्यात आहे. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात कॉक्सिडिओसिस (परजीवींमुळे होणारा आतड्याचा रोग) होऊ नये म्हणून बरेचदा मोनेन्सिन हे औषध घातलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र निकामी करतं. वजनाच्या किलोमागे २-३ मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकतं, आणि त्यावर उतारा नाही. तेव्हा पोतं कुलपात, दाणे घोड्याचं तोंड पोचणार नाही तिथे. (घोडा हावरट असतो, दोरीबिरीवर विसंबू नका.) रात्री कोंबड्या खुराड्यात कोंडाच, नाहीतर गव्हाणीवर बसून सगळा चारा घाण करतात. लिदीतल्या माश्यांच्या अळ्या टिपतात, तेवढा फायदा आहेच.